‘कॅन्सर’ या शब्दातला खेकडा कुठून आला?

प्रश्न असा आहे: ‘कॅन्सर’ हा शब्द ग्रीक म्हणायचा की लॅटिन? त्याचा मूळ अर्थ खेकडा असेल, तर रोगाच्या नावात खेकडा शिरला कसा? एकाच रोगाच्या प्रांतात इंग्रजीला ‘कॅन्सर’, ‘कार्सिनोमा’ आणि ‘ऑन्कॉलॉजी’ असे तीन वेगळ्या तोंडवळ्याचे शब्द का लागले? आणि ‘कॅन्सल’ हाही याच घरातला का?

थोडक्यात सांगायचं तर शब्द लॅटिन आहे आणि कल्पना ग्रीक. ग्रीक वैद्य काही गाठींना आणि जखमांना ‘कार्किनोस’, म्हणजे खेकडा, म्हणत. रोमन लोकांनी खेकड्यासाठी आपल्या भाषेत जो शब्द होता, ‘कान्केर’, तोच या कामाला लावला. म्हणजे नावाचं भाषांतर झालं. पुढे इंग्रजीने लॅटिन भाषांतरही घेतलं आणि ग्रीक मूळही घेतलं, म्हणून एकाच प्राण्याची दोन नावं इंग्रजी वैद्यकात शेजारी शेजारी नांदतात. ‘कॅन्सल’चं घर वेगळं आहे, त्याच्याकडे शेवटी येतो.

खेकडाच का, हे सांगताना एक गोष्ट सर्रास सांगितली जाते. प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रॅटिसने स्तनातली गाठ पाहिली, तिच्याभोवती फुगलेल्या शिरा त्याला खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या आणि त्याने रोगाचं बारसं केलं. वैद्यकीय शब्दांची मुळं शोधण्याच्या कामात मी बरीच वर्षं आहे, आणि जिथे जिथे ही गोष्ट छापलेली दिसते तिथे मला थांबून सांगावंसं वाटतं की इथे दोन वेगळ्या काळांतले दोन वेगळे मजकूर एकत्र शिवले गेले आहेत.

हिप्पोक्रॅटिसच्या नावावर जो ग्रंथसंग्रह आहे, त्यातला मोठा भाग इसवी सनापूर्वी पाचव्या आणि चौथ्या शतकातला आहे आणि तो एका हातचा नाही. त्यात ‘कार्किनोस’ आणि ‘कार्किनोमा’ हे दोन्ही शब्द आहेत. ‘सूत्रे’ या भागात एक प्रसिद्ध वचन आहे: ज्यांचे ‘कार्किनोस’ आत दडलेले आहेत त्यांच्यावर उपचार न करणंच बरं, उपचार केले तर ते लवकर मरतात, न केले तर बराच काळ जगतात. दुसऱ्या एका भागात अब्देरा नगरातल्या एका स्त्रीची नोंद आहे. तिच्या स्तनात ‘कार्किनोमा’ झाला होता, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव येत होता, आणि तो थांबला तेव्हा ती वारली. नोंद दोन-तीन ओळींचीच आहे, पण वाचताना अंगावर येते. या मजकुरांत शब्द आहे, रुग्ण आहेत, निरीक्षण आहे. फक्त हे नाव का पडलं याचं स्पष्टीकरण नाही. लिहिणाऱ्याला ते द्यावंसं वाटलं नाही, कारण शब्द वैद्यांच्या बोलण्यात आधीच रुळलेला असणार.

शिरांची उपमा येते ती गेलन या वैद्याकडून, म्हणजे सुमारे पाचशे वर्षांनंतर. गेलनचा काळ इसवी सन १२९ ते साधारण २१६. तो म्हणतो की स्तनांत खेकड्याच्या आकाराच्या गाठी आपण पुष्कळदा पाहिल्या आहेत. त्या प्राण्याचे पाय जसे शरीराच्या दोन्ही बाजूंना असतात, तशा या रोगात गाठीपासून निघालेल्या शिरा ताणलेल्या दिसतात. हे स्पष्टीकरण एका थोर वैद्याने दिलं आहे आणि रुग्ण पाहून दिलं आहे, म्हणून त्याला वजन आहे. पण ते नाव पडून काही शतकं झाल्यावर दिलेलं आहे, हेही ध्यानात ठेवायला हवं. सातव्या शतकात एजिनाचा पॉल हे कारण पुन्हा सांगतो आणि सोबत दुसरंही नोंदवतो: काहींच्या मते हा रोग जिथे धरतो तिथून खेकड्यासारखा सुटत नाही, म्हणून हे नाव. म्हणजे जुन्या वैद्यांमध्येही याबद्दल एकमत नव्हतं.

आता जो मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो त्याकडे येतो. ‘कार्किनोस’ हे आज आपण ज्याला कॅन्सर म्हणतो त्या रोगाचं नेमकं नाव नव्हतं. चिवटपणे न भरणारे व्रण, कठीण गाठी, कधी मूळव्याधीसारख्या सुजाही त्यात मोडत. सूक्ष्मदर्शक आणि पेशी यांच्या खूप आधीचे ते वैद्य. डोळ्यांना दिसणारं आणि बोटांना लागणारं एवढंच त्यांच्या हाती होतं. त्यामुळे जुन्या ग्रंथात हा शब्द दिसला की आजचं निदान त्याच्यावर चिकटवता येत नाही. उलटंही तितकंच खरं. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इराणच्या राणी अतोसाची हकिगत सांगितली आहे: तिच्या स्तनावर एक वाढ झाली, ती फुटून पसरू लागली, आणि डेमोसिडीस या ग्रीक वैद्याने तिला बरं केलं. इतिहासातला स्तनाच्या कॅन्सरचा आद्य रुग्ण म्हणून अतोसाचं नाव आज बेधडक घेतलं जातं. हेरोडोटसने वापरलेला शब्द मात्र ‘फ्युमा’ आहे, म्हणजे उगवून आलेली गाठ किंवा गळू. खेकड्याचं नाव त्याने घेतलेलं नाही.

लॅटिनमध्ये हा विस्तार आणखी वाढला. भाषांतर कोणी पहिल्यांदा केलं ते सांगता येत नाही, पण ते जुनं आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात थोरला केटो शेतीवरच्या ग्रंथात कोबीचे औषधी गुण सांगताना काळा ‘कान्केर’ आणि पांढरा ‘कान्केर’ असे प्रकार करतो. एकातून दुर्गंध येतो, दुसरा पुवाचा. हे वाहत्या जखमांचं वर्णन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्ससने लॅटिनमध्ये वैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला, आणि त्याने जी वाटणी केली ती फार बोलकी आहे. पसरत जाणाऱ्या, मांस कुजवणाऱ्या जखमांना तो लॅटिन ‘कान्केर’ म्हणतो. गँगरीनही त्यातच बसवतो. गाठीच्या रोगासाठी मात्र तो ग्रीक शब्द तसाच ठेवतो: ‘कार्किनोमा’. त्याच्या सौम्य आरंभीच्या अवस्थेलाही त्याने ग्रीकच नाव दिलं आहे, आणि तेवढी अवस्थाच कापून काढता येते, पुढच्या अवस्था उपचाराने चिडतात, असं तो बजावतो. म्हणजे आजच्या अर्थाच्या जवळ जाणारा शब्द सेल्ससकडे ‘कार्किनोमा’ हा आहे. ‘कॅन्सर’चा थेट पूर्वज त्याच्याकडे वेगळंच काम करत होता.

लॅटिन शब्द किती सैल होता याचा उत्तम पुरावा वैद्यकाबाहेर सापडतो. नव्या करारात, तिमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, खोट्या शिकवणीबद्दल म्हटलं आहे की ती गँगरीनसारखी पसरते. ग्रीक मूळ शब्द ‘गांग्राइना’ असाच आहे. व्हल्गेट या लॅटिन बायबलात त्या जागी ‘कान्केर’ आला. त्या लॅटिनच्या प्रभावाने जुन्या इंग्रजी भाषांतरांत ‘कॅन्कर’ आला. १६११ च्या इंग्रजी बायबलातही तोच आहे. आजच्या काही इंग्रजी आवृत्त्या पुन्हा ‘गँगरीन’ म्हणतात, तर काहींनी सरळ ‘कॅन्सर’ घातला आहे. एकच वाक्य, रोग तीन! शब्दाचा इतिहास ठाऊक नसेल तर वाचणाऱ्याला वाटेल की भाषांतरकारांपैकी कोणीतरी चुकलं आहे. चूक कोणाचीच नाही, प्रत्येकाच्या काळात त्या शब्दाची हद्द वेगळी होती.

इंग्रजीत हा शब्द एकदा नव्हे, तीनदा आला. पहिल्यांदा जुन्या इंग्रजीच्या काळात, लॅटिन जाणणाऱ्या मठवासीयांच्या आणि वैद्यांच्या हातून. तेव्हा त्याचा उच्चार लॅटिनप्रमाणे मधल्या ‘क’ने होत असे. फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर उत्तरेकडच्या फ्रेंच बोलीतला ‘कान्क्र’ येऊन त्यात मिसळला आणि ‘कॅन्कर’ हे रूप पक्कं झालं. कित्येक शतकं इंग्रज माणूस व्रण, गाठ, कुजकी जखम या सगळ्यालाच ‘कॅन्कर’ म्हणत होता. झाडाच्या सालीवरचा रोगही ‘कॅन्कर’, आणि शेक्सपिअरच्या काळात कळी पोखरणारी अळीसुद्धा ‘कॅन्कर’. तोंडात येणाऱ्या फोडाला इंग्रजीत आजही याच शब्दाने ओळखतात. दुसरीकडे मध्य फ्रान्सच्या बोलीत ‘आ’च्या आधीच्या लॅटिन ‘क’चा ‘च’ आणि पुढे ‘श’ झाला. तिथून ‘शँकर’ आला आणि तो उपदंशाच्या व्रणापुरता मर्यादित राहिला.

मग सुमारे १६०० च्या आसपास विद्वानांनी लॅटिन रूप, जसंच्या तसं, पुन्हा उचललं. ‘कॅन्कर’ इतका पातळ झाला होता की घातक गाठीच्या रोगासाठी वेगळा शब्द हवा होता. लिपीत लॅटिन, पण उच्चार मात्र फ्रेंच वळणाचा: ‘ई’ आणि ‘ए’च्या आधीच्या ‘सी’ अक्षराचा ‘स’. आपण आज जो ‘कॅन्सर’ म्हणतो, त्यातला ‘स’ तो हा. ‘कॅन्कर’ने जुना ‘क’ सांभाळला आणि अर्थ सैल होऊ दिला. ‘कॅन्सर’ने ध्वनी गमावला आणि अर्थ घट्ट केला. एकाच शब्दाचे ‘कॅन्सर’, ‘कॅन्कर’ आणि ‘शँकर’ असे तीन वारस इंग्रजीत आज एकाच वेळी जिवंत आहेत, आणि तिघांचे रोग वेगळे आहेत. व्युत्पत्तीच्या अभ्यासात याहून सुंदर उदाहरण मला क्वचितच भेटलं आहे.

भाषांतराची ही साखळी लॅटिनपाशी थांबली नाही. नवव्या शतकात गेलनचे ग्रंथ अरबीत गेले, आणि इब्न सीना या वैद्याच्या (९८०–१०३७) ग्रंथात या रोगाचं नाव आहे ‘सरतान’, म्हणजे खेकडा. जर्मनमध्ये ‘क्रेब्स’, रशियनमध्ये ‘राक’. दोन्हींत प्राणी आणि रोग एकाच शब्दात. मराठीतला ‘कर्करोग’ही याच रांगेतला, अलीकडचा. सुश्रुतसंहितेत गाठींच्या विकारांसाठी ‘ग्रंथी’ आणि ‘अर्बुद’ हे शब्द आहेत. तिथे खेकडा नाही. एखादी उपमा किती भाषांची वेस ओलांडू शकते ते इथे दिसतं. प्रत्येक भाषेने ध्वनी आपले वापरले आणि चित्र ग्रीकांचं ठेवलं.

‘कार्सिनोमा’तलं शेपूट समजून घेण्यासारखं आहे. ग्रीकमध्ये एखाद्या क्रियापदापासून त्या क्रियेच्या फळाचं नाम करायचं तर शेवटी ‘मा’ लागतो. ‘कार्किनोउन’, म्हणजे खेकड्यासारखं करणं, यापासून ‘कार्किनोमा’. अगदी याच पद्धतीने ‘दिप्लोउन’, म्हणजे दुहेरी करणं, घडी घालणं, यापासून ‘डिप्लोमा’, म्हणजे घडी घातलेला कागद. ‘ग्लॉकोमा’चा शेवटही तसाच, तिथे गाठ नाही, डोळ्याच्या निळसर-करड्या झाकेवरून आलेलं नाव आहे. म्हणजे ‘ओमा’चा मूळ अर्थ गाठ असा नव्हताच. ‘कार्सिनोमा’ आणि गेलनने मांसल वाढीसाठी वापरलेला ‘सार्कोमा’ यांच्या जोडीमुळे वैद्यांच्या कानाला ‘ओमा’ म्हणजे गाठ असं वाटू लागलं, आणि एकोणिसाव्या शतकात त्यांनी तो तुकडा सुटा काढून मिळेल त्या धातूला जोडायला सुरुवात केली. ‘फायब्रोमा’त पुढचा भाग लॅटिन, मागचा ग्रीक. ‘लिम्फोमा’त तेच. शुद्धतेचे आग्रही अशा मिश्र शब्दांवर नाक मुरडतात. मला तसं करावंसं वाटत नाही. वैद्यकाला शब्द हवे होते आणि दोन्ही भाषा हाताशी होत्या.

‘ऑन्कॉलॉजी’चं, म्हणजे कॅन्सरच्या शास्त्राच्या नावाचं, मूळ तिसरंच. ग्रीक ‘ओन्कोस’ म्हणजे आकारमान, फुगवटा, वस्तुमान. शोकनाट्यातल्या मुखवट्याच्या कपाळावर केसांचा जो उंच फुगा असे त्यालाही ‘ओन्कोस’ म्हणत. गेलनने निसर्गविरुद्ध सुजांवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या शीर्षकातला शब्द हाच आहे, आणि त्यात कॅन्सरखेरीज इतर अनेक सुजा येतात. लॅटिनमध्ये याच अर्थाने ‘तुमोर’ होता. फुगणं या क्रियापदापासून आलेला. ‘ट्यूमर’ म्हणजे मुळात फक्त सूज. म्हणून ट्यूमर निरुपद्रवी असू शकतो, कॅन्सर नाही.

‘मेटास्टेसिस’बद्दल एवढंच सांगतो की ग्रीक वक्तृत्वशास्त्रात बोलणारा एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर पटकन सरकतो त्याला हा शब्द होता, कॅन्सरच्या शरीरभर पसरण्यासाठी फ्रेंच वैद्य रेकामिए याने तो १८२९ मध्ये वापरला. आणि ‘ल्यूकेमिया’, म्हणजे पांढरं रक्त, हे जर्मन वैद्य फिर्खो याने १८४७ मध्ये दोन ग्रीक शब्द जोडून केलेलं नाव. त्या दोघांत खेकडा कुठेच नाही.

आता मुळाच्याही मुळाकडे. ग्रीक ‘कार्किनोस’, लॅटिन ‘कान्केर’ आणि संस्कृत ‘कर्कट’ हे एकाच कुळातले शब्द मानले जातात, आणि त्यांच्या तळाशी ‘कठीण’ या अर्थाचा धातू दुहेरी होऊन आला आहे असं भाषाशास्त्रज्ञ मांडतात. ‘कर्कश’ हा शब्दही त्याच्याशी जोडतात. मग लॅटिनमध्ये ‘र’च्या जागी ‘न’ कुठून आला? एका शब्दात तोच व्यंजन दोनदा आला की जीभ त्यातला एक बदलते. याला विषमीकरण म्हणतात. मराठी माणसाला हे नवं नाही. संस्कृत ‘लाङ्गल’ याचा आपण ‘नांगर’ केला, आणि ‘ललाट’ याचं ‘निढळ’, ज्याचा घाम आपण गाळतो. पहिल्या ‘ल’चा ‘न’ झाला, तसाच लॅटिनमध्ये पहिल्या ‘र’चा ‘न’. ग्रीक आणि संस्कृत यांनी दोन्हीकडे ‘क’ आणि मधला ‘र’ राखला, म्हणून ‘कार्किनोस’ आणि ‘कर्कट’ एकमेकांना आजही ओळखू येतात. दोन्ही भाषांत खेकड्याच्या नांगीवरून चिमट्याला आणि वर्तुळ काढायच्या साधनालाही तेच नाव मिळालं. कंपासपेटीतलं कर्कटक आठवा.

आकाशातला खेकडाही तोच. ग्रीक कथेत हेराक्लीस बहुमुखी सर्पाशी लढत असताना एका खेकड्याने त्याचा पाय धरला. त्याने तो चिरडला आणि हेराने त्याला ताऱ्यांत जागा दिली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी उत्तरायण संपताना सूर्य त्या तारकासमूहात दिसे, म्हणून पृथ्वीवरची ती रेषा कर्कवृत्त झाली. पृथ्वीचा अक्ष हळूहळू भोवऱ्यासारखा फिरत असल्याने आता त्या दिवशी सूर्य मिथुन आणि वृषभ यांच्या सीमेवर असतो. नाव बदललेलं नाही.

शब्दकोश उघडताना एक सावधगिरी घ्या. ‘कार्सिनो’ने सुरू होणारा प्रत्येक शब्द रोगाचा नसतो. ‘कार्सिनोजेन’ म्हणजे कॅन्सर निर्माण करणारा पदार्थ, पण ‘कार्सिनॉलॉजी’ म्हणजे खेकडे, कोळंबी यांच्यासारख्या कवचधारी प्राण्यांचा अभ्यास. ‘कार्सिनायझेशन’ म्हणजे वेगवेगळ्या कुळांतल्या कवचधारींना उत्क्रांतीत खेकड्याचा आकार येणं. हा शब्द प्राणिशास्त्रज्ञ बोराडेलने १९१६ मध्ये केला. प्राणिशास्त्रात तर ‘कॅन्सर’ हे खेकड्यांच्या एका प्रजातीगटाचं अधिकृत नाव आहे आणि ‘कार्सिनस’ हे दुसऱ्या. कवचधारींच्या अभ्यासकांनी खेकड्याचं ग्रीक नाव घेतलं आणि कॅन्सरचं शास्त्र ‘ओन्कोस’चा आधार घेऊन ‘ऑन्कॉलॉजी’ झालं हे सोयीचंच झालं.

राहिला ‘कॅन्सल’. लॅटिनमध्ये ‘कान्केर’ असा आणखी एक शब्द होता, अर्थ जाळी किंवा गजांचं कुंपण. त्याचं लघुरूप ‘कान्केल्ली’. लिहिलेल्या मजकुरावर जाळीसारख्या आडव्यातिडव्या रेघा मारून तो बाद करायचा, यावरून ‘कॅन्सल’. न्यायालयात जाळीपाशी उभा राहणारा द्वारपाल ‘कान्केल्लारिउस’. तो बढती मिळत मिळत ‘चॅन्सलर’ झाला. हा दुसरा ‘कान्केर’ आला ‘कार्केर’ या शब्दापासून, म्हणजे बंदिस्त जागा, तुरुंग. इंग्रजी ‘इन्कार्सरेट’ त्यातून निघाला. इथेही दोन ‘र’ जवळ आले आणि पहिल्याचा ‘न’ झाला. म्हणजे खेकडा आणि जाळी निघाले वेगळ्या शब्दांतून, पण ध्वनिबदलाच्या एकाच वाटेने येऊन लॅटिनमध्ये एकाच रूपाला पोचले. चांगल्या लॅटिन कोशात त्यांच्या नोंदी स्वतंत्र असतात, आणि इंग्रजी ‘कॅन्सल’ शोधताना दुसरी नोंद पाहायची.